उलट्या पाण्याची बादली

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बादली आहे. घराच्या मागच्या अंगाला, वळचणीखाली, सरपणाच्या ढिगाशेजारी मी उभी असते. मला आता कोणी हात लावत नाही. सरपण न्यायला येणारी माणसे माझ्या बाजूने पाय जपून टाकतात आणि नजर दुसरीकडे वळवतात. यात त्यांचा दोष नाही. ज्या बादलीत एकदा उलटे पाणी पडले, तिच्यात जिवंत माणसाने पुन्हा हात घालायचा नसतो, अशी आमच्याकडची रीत आहे. ते पाणी माझ्यात कसे पडले, ते सांगावे म्हणून आज मी बोलते आहे.

आमचे तोगेयु हे डोंगरातले गाव. तिथे जमिनीखालून उकळते पाणी वर येते आणि गल्ल्यांतून वाफ हिंडत असते. त्या वाफेत माणूस आधी आवाजाने ओळखू येतो, चेहऱ्याने मागाहून. मला गेन्पाची नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने घडवले. गावातली सगळी पिंपे आणि सगळ्या बादल्या त्याच्याच हातच्या. माझे लाकूड देवदाराचे. उत्तरेकडच्या उतारावर बर्फाच्या भाराने आडवा झालेला तो देवदार रेन्झो नावाच्या तरुणाने ओढत खाली आणला होता. त्याचे तेव्हा लग्न ठरले होते आणि नव्या संसाराला न्हाण्याची बादली हवी होती. गेन्पाचीने मला एकही खिळा मारला नाही, सरस लावला नाही. फळीशी फळी भिडवली, बांबूच्या पिळलेल्या दोन कड्या ठोकून बसवल्या, दोन उंच फळ्यांतून आडवा दांडा घातला आणि मला पाण्याने भरून ठेवले. लाकूड पाणी प्याले की फुगते आणि फटी आपोआप मिटतात. रेन्झो मला न्यायला आला तेव्हा मी गळत नव्हते. त्याने मला कानाशी धरून बोटाने वाजवले आणि तो हसला. मी ऐकलेले ते पहिलेच हसू.

रेन्झोचे घर गावाच्या वर, डोंगराच्या कडेला होते. घरात त्याची आई मित्से, बायको फुसाए, आणि पुढे कोहारु नावाची मुलगी. बाप तो लहान असतानाच वारला होता. एरवी घरातल्या घरातच न्हाणे उरकत असे. पण शरदात भाताची कापणी झाली की एक अख्खा दिवस राखून ठेवलेला असायचा. त्या दिवशी सगळे घर डोंगर उतरून गावाच्या सामाईक न्हाणीघरात झऱ्याच्या पाण्यात बसायला जाई, आणि न्हाऊन झाले की बाजारगल्लीतून हिवाळ्याची बेगमी करून परत येई. जाताना माझ्यात पंचे, साबण आणि कोहारुचे धुतलेले कपडे असत. येताना टोफू, खारवलेले मासे, भाजलेले चेस्टनट आणि लोणच्यासाठी घेतलेली मुळ्याची जुडी. मला तो दिवस वासांनी आठवतो: खाली जाताना गंधकाचा, वर येताना माशांचा.

न्हाणीघरात बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी. मध्ये फळ्यांची भिंत होती, पण ती छतापर्यंत पोहोचत नसे. त्यामुळे संसार भिंतीने तुटायचा आणि आवाजाने जोडलेला राहायचा. रेन्झो दरवर्षी साबण विसरायचा आणि फुसाए तो भिंतीवरून फेकायची. एकदा तो मठातल्या म्हाताऱ्या भिक्षूच्या टकलावर पडला. पलीकडून, दान पावले पण जरा हळू द्यावे, असे गंभीर उत्तर आले आणि दोन्ही बाजूंना कितीतरी वेळ कोणाला अंग चोळता आले नाही.

पाणी घेण्याची रीत मला मित्सेच्या हातांनी शिकवली. झऱ्याचे पाणी चटका बसण्याइतके कढत असते, म्हणून भिंतीतून ओढ्याच्या गार पाण्याची बांबूची नळी आणलेली आहे. बादलीत आधी कढत पाणी घ्यायचे आणि मग त्यात गार सोडायचे. हे कधी चुकवायचे नाही. आधी गार आणि त्यावर कढत, हे उलटे पाणी. ते फक्त मृताला न्हाऊ घालताना करतात, तेही डाव्या हाताने. कोहारुने अजाणतेपणी एकदा मला आधी नळीखाली धरले, तेव्हा मित्सेने तिच्या हातावर फाडकन मारले होते. पोरीला रडू फुटले. मित्सेने तिला जवळ घेतले, पण ते पाणी मात्र दाराबाहेर नेऊन ओतले.

आता त्या शरदाविषयी सांगते, ज्यानंतर आमचा तो दिवस तसा कधी उरला नाही.

आमच्या डोंगरात ओकच्या मुळाशी एक अळंबी उगवते. तिला नाचरी अळंबी म्हणतात, कारण ती दिसली की माणूस जागच्या जागी नाचू लागतो. ती दरवर्षी त्याच झाडाशी येते, आणि म्हणून ते झाड कोणते हे कोणी कोणाला सांगत नाही. बाप मुलाला सांगत नाही, नवरा बायकोला सांगत नाही. सांगायचे ते फार तर मरताना. गावात जागा कोणाला ठाऊक आहे यावरून माणसाचा मान ठरे, आणि रेन्झोसारखी अळंबी कोणीच आणत नसे. मित्सेला त्याचा भारी तोरा. बाजारात ताकी नावाची बाई अळंबी विकायला बसे. तिच्या टोपलीपुढे थांबून मित्से म्हणायची की कानाएवढ्या तुकड्याला अळंबी म्हणतेस, आमच्याकडे एवढी तर कोंबड्यांना टाकतात. ताकीही कमी नव्हती. ती म्हणायची, मग आज कोंबडी होऊन विकत घेऊन जा.

त्या वर्षी न्हाणीघरात फुसाए पाठ चोळता चोळता भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, ऐकलंत का? ती अळंबीची जागा मला तरी सांगून ठेवा. तुमचे गुडघे गेले की कोण आणणार?"

पलीकडे पाण्यात खसखस पिकली. मित्से मान वर करून म्हणाली, "सांगू नकोस रे, रेन्झो. आज बायकोला कळली की उद्या तिच्या माहेरी कळली."

"आई बसलीय तोवर सांगायची माझी काय टाप?" रेन्झोचा आवाज वाफेतून आला. "तुम्ही व्हा पुढं. मी येतो मागाहून."

शेवटचे ते वाक्य काही त्याचे एकट्याचे नव्हते. त्या भिंतीवरून गावातला प्रत्येक नवरा तेच बोलतो, कारण पुरुषांना पाण्यातून उठवत नाही. बायका हसल्या. फुसाएनेही हसून माझा दांडा उचलला.

त्याच आठवड्यात एका धुक्याच्या सकाळी रेन्झो पाठीला टोपली लावून अळंबी आणायला गेला आणि परत आला नाही.

गावातले पुरुष घंटा आणि ढोल घेऊन जमले. त्यांनी ओसरीवर उभे राहून एकच गोष्ट विचारली: कोणत्या अंगाला शोधायचे? मी ओसरीच्या कडेला पालथी ठेवलेली होते. डोंगराला किती खोरी, किती घळी, किती ओक. आणि त्या घरात एकालाही जागा ठाऊक नव्हती. फुसाएने सासूकडे एकदाच पाहिले. काही बोलली नाही, त्या वेळीही नाही आणि नंतरही नाही. पण ती एक नजर मित्सेने पुढे वर्षानुवर्षे पाठीवरच्या मोळीसारखी वाहिली. पुरुष मिळेल त्या दिशेला पांगले. डोंगरभर घंटा वाजत राहिल्या, मग त्या लांब गेल्या, आणि मग बर्फ पडला.

मित्रांनो, माणूस हरवला की घर रिकामे होत नाही. ते एका वेगळ्याच रीतीने भरते. रोज संध्याकाळी मित्से सावलीचे ताट वाढू लागली. परगावी गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे असे ताट वाढतात, म्हणजे तो जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही. भात, रस्सा, लोणचे, सगळे त्याच्या नेहमीच्या जागी. जेवण संपले की मित्से त्याच्या वाटीवरचे झाकण उचलून कोहारुला आतले थेंब दाखवी. झाकणाला घाम आला म्हणजे माणूस जिवंत आहे, असे मानतात. गरम भातावर झाकण ठेवले की थेंब येणारच, हे फुसाएला कळत होते. ती मान हलवी आणि ताट उचली.

शरदातला तो दिवसही मित्सेने मोडू दिला नाही. दरवर्षी आम्ही खाली उतरत राहिलो. माझ्यात आता आणखी एक वस्तू असे: रेन्झोचा निळा न्हाण्याचा पंचा, घडी घातलेला, कोरडा. तो कोरडा जाई आणि कोरडा परत येई. अंग चोळून झाले की मित्से भिंतीकडे तोंड करून हाक मारी, "रेन्झो, निघू या का?" त्या हाकेसरशी बायकांची बाजू गप्प होई. पलीकडे पुरुषही गप्प होत. कोणी पाणी हलवत नसे, कोणी खाकरत नसे. गावाने आपसात न बोलता ठरवून टाकले होते की त्या हाकेला कोणी ओ द्यायची नाही. मला त्या शांततेची फार भीती वाटे. एवढे पुरुष तिथे नागवे बसून श्वास धरत, आणि त्या धरलेल्या श्वासांच्या मधोमध एक जागा मोकळी असे. ती मला भिंतीतूनही जाणवे.

बाहेर आल्यावर मित्से दारासमोरच्या बाकावर बसे. शेवटचा पुरुष बाहेर पडेपर्यंत उठत नसे. मग बाजार. आम्ही गल्लीच्या तोंडाशी दिसलो की ताकी आपल्या अळंबीच्या टोपलीवर कापड ओढी. मित्सेने ते कधी पाहिले नाही असे दाखवले, आणि आपल्याला पाहिले जात नाही असे ताकीने. पूर्वीची थट्टा त्या कापडाखाली झाकलेलीच राहिली.

एक गोष्ट कोणालाच ठाऊक नाही. परतल्यावर मित्से मला धुऊन उन्हात ठेवी, आणि आसपास कोणी नसले की माझ्याजवळ वाकून विचारी, "तू तिथलीच ना? मग सांग की." लोकांना वाटते लाकडाला जंगल आठवते. मी त्याच डोंगराची, हे खरे. पण कापलेले लाकूड आंधळे असते, मित्रांनो. मला आठवतो तो फक्त बर्फाचा भार आणि खाली येताना लागलेली ओढ. ती माझ्या फळ्यांवरून बोटे फिरवी. मला कधीकधी वाटे की मी गळावे, निदान एवढे तरी करावे. पण गेन्पाचीचा हात पक्का होता.

कोहारु मोठी झाली. मठातल्या नव्या भिक्षूने फुसाएला बाजूला घेऊन सांगितले की आता रेन्झोला मरणोत्तर नाव द्यावे, उदबत्ती लावावी, म्हणजे त्याला वाट मिळेल. फुसाएने बरेच दिवस मनात ठेवून एकदा ते सासूला सांगितले. मित्से तांदूळ धूत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तो गेला असं म्हणायचं, तर कुणी घालवला तेही म्हणावं लागेल. तुला म्हणायचंय का ते?"

फुसाए म्हणाली, "मी कधी म्हटलं का, आई?"

"नाही म्हणालीस," मित्से म्हणाली. "तेच तर."

त्यानंतर त्या घरात कितीतरी दिवस फक्त भांड्यांचे आवाज होते. मित्रांनो, मित्से मुलाची वाट पाहत होती असे गावाला वाटे. मला वाटते ती त्याला धरून उभी होती. सोडले असते तर तिच्या हातात तिचे ते हसत बोललेले वाक्य तेवढे उरले असते.

मग तो शरद आला. त्या वर्षी मित्सेची पाठ पार वाकली होती. उतरणीला कोहारुने तिचा हात धरला आणि फुसाएने मला धरले. न्हाणीघरात गर्दी होती. मित्से पाण्यात बसली, बाहेर आली, तिने अंग चोळले आणि नेहमीसारखी भिंतीकडे वळली. आवाज आता बारीक झाला होता.

"रेन्झो, निघू या का?"

बायका गप्प झाल्या. पुरुष गप्प झाले. छताला लागलेल्या वाफेचा एक थेंब खाली पडला तो ऐकू आला. आणि मग, त्या धरलेल्या श्वासांच्या मधोमध जी जागा कायम मोकळी असे, तिथून एक सुस्त, सुखावलेला आवाज आला.

"तुम्ही व्हा पुढं. मी येतो मागाहून."

फुसाएच्या हातातली साबणाची वडी सुटून फरशीवरून लांब घसरत गेली. ती कोणी उचलली नाही. पलीकडे कोणीतरी कोणालातरी दबक्या आवाजात काही बोलले. कोहारु आजीचा खांदा धरायला पुढे झाली. मित्से हलली नाही. ती भिंतीकडे पाहत होती. भिंतीच्या वरच्या कडेला, जिथून वाफ इकडची तिकडे जाते. तिचे ओठ ते शब्द पुन्हा एकदा, आवाज न करता, बोलले. मग तिने हात पुढे करून मला जवळ ओढले.

तिने मला बांबूच्या नळीखाली धरले. गार पाणी माझ्या तळावर पडले. कोहारुच्या त्या एका चुकीखेरीज मी कधी कढत पाण्याच्या आधी गार पाणी पाहिले नव्हते. माझ्या सगळ्या फळ्या आखडल्या. शेजारची बाई अगं अगं म्हणत पुढे आली आणि मध्येच थांबली, कारण म्हातारीचे डोळे चुकणाऱ्या माणसाचे नव्हते. निम्मी बादली भरल्यावर मित्सेने मला झऱ्याकडे सरकवले आणि गारावर कढत घेतले. मग तिने रेन्झोचा निळा पंचा उलगडला, तो माझ्यात बुडवला आणि डाव्या हाताने धुऊ लागली. हळू, सगळ्या कडांनी, कानांमागे धुवावे तसे कोपऱ्यांतून. ज्याला न्हाऊ घालायला देह मिळाला नव्हता, त्याला तिने असे न्हाऊ घातले. फुसाए तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने पंच्याचे दुसरे टोक धरले. दोघींनी मिळून तो पिळला.

त्या दिवशी मित्से बाकावर थांबली नाही. दारातून निघाली ती सरळ बाजाराकडे चालू लागली.

पण मित्रांनो, गोष्ट तिथे संपली नाही. टोफूच्या दुकानापुढे एक भांडण रंगले होते. तोराकिची नावाचा म्हातारा कितीतरी वर्षे बंदरावर मुलाकडे राहून त्याच उन्हाळ्यात गावी परतला होता. कानांनी अधू. त्याची बायको हात्सु हातवारे करून त्याला झाडत होती, आणि भोवतालचे लोक मजा बघत होते. तोराकिची पुन्हा पुन्हा सांगत होता की तूच मला न्हाणीघरात हाक मारलीस, मी म्हटले पुढे हो, मग तू बाहेर थांबली का नाहीस.

"मी घरी मुळे चिरत होते, मुळे," हात्सु त्याच्या कानात ओरडली. "कुठल्या बाईला पुढं व्हा म्हणून सांगितलंत? या वयात?"

लोक हसले. मग कोणाला तरी आम्ही दिसलो आणि ते हसू एकेका तोंडावरून विझत गेले. हात्सुने वळून पाहिले. तिला सगळे एका क्षणात कळले असावे, कारण ती तिथल्या तिथे कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली. फुसाएच्या हातात माझा दांडा इतका आवळला गेला की मी करकरले. उलटे पाणी परत घेता येत नाही. ओतून झालेले असते. आणि ज्या शब्दांवर ते ओतले, ते एका बहिऱ्या म्हाताऱ्याने आपल्या बायकोची हाक समजून म्हटले होते. आता म्हातारी इथेच खाली बसेल, असे फुसाएला वाटले. मलाही वाटले.

मित्से तोराकिचीच्या जवळ गेली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन तिने विचारले, "दादा, पाणी कसं होतं आज?"

तोराकिचीला काय चालले आहे ते कळत नव्हते. पण या प्रश्नाचे उत्तर त्याला येत होते. "फार छान," तो म्हणाला. "अंगाला असं बिलगलं की उठवेचना."

"हो ना," मित्से म्हणाली. "त्यालाही पाण्यातून उठवत नसे."

मग तिने हात्सुला दंडाला धरून सरळ केले. म्हणाली की नवऱ्याला रागावू नकोस. इतकी वर्षे अख्खे गाव माझ्यासाठी गप्प बसले, एकट्या यालाच बोलायचे सुचले. हात्सु रडू लागली, आणि तोराकिची आपले काय चुकले म्हणून तिच्याच तोंडाकडे बघत राहिला.

गल्लीत पुढे ताकीने सवयीने कापड ओढले होते. मित्से टोपलीसमोर थांबली. "झाकू नकोस गं," ती म्हणाली. ताकीने कापड काढले. आत नाचरी अळंबी होती, करड्या पिसांच्या ढिगासारखी. मित्सेने एक उचलली, हुंगली, आणि आमच्या गावात जे कोणी कोणाला कधी विचारत नाही ते तिने भर बाजारात विचारले.

"कुठून आणलीस?"

ताकीच्या तोंडावरचा रंग उडाला. आजूबाजूला हातातली कामे थांबली. ती जागा तिला बापाने मरताना सांगितली होती आणि तिचे घर त्याच जागेवर चालत होते. ताकीने खाली पाहिले, मग मित्सेकडे पाहिले. आणि मोठ्याने, पलीकडच्या मासेवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, तिने सांगून टाकले: वरच्या धबधब्याच्या डाव्या अंगाला, वीज पडून फाटलेला ओक आहे, त्याच्या मुळाशी. सांगून झाल्यावर ती धापा टाकत होती, जणू तिथपर्यंत चढून आली होती.

"आता सगळ्यांना कळलं," मित्से म्हणाली. "बरं झालं. उद्या तू घरी आली नाहीस, तर कुठं यायचं ते कळलं."

त्या संध्याकाळी सावलीचे ताट वाढले गेले नाही. फुसाएने अळंबी घालून भात शिजवला. मित्सेने एक वाटी शिगोशीग भरली, तिच्यात चॉपस्टिक उभ्या रोवल्या, जशा फक्त गेलेल्यांसाठी रोवतात, आणि ती वाटी देवघरात मृत नवऱ्याच्या नावाच्या पाटीशेजारी ठेवली. फुसाएने उदबत्ती लावली. मग जेवता जेवता मित्सेने ते वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हटले. आपणच त्याला सांगू नको म्हटले होते, असे ती म्हणाली. फुसाएने तिच्या वाटीत आणखी भात वाढला. म्हणाली, "मीही हसत हसतच विचारलं होतं, आई. आपण सगळेच हसत होतो." एवढेच. पण त्यानंतर त्या घरात भांड्यांखेरीज दुसरे आवाजही ऐकू येऊ लागले.

माझे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. रीतीप्रमाणे मला फोडायला हवे होते. मित्सेने कुऱ्हाड काढू दिली नाही. तिने मला उचलले आणि वळचणीखाली ठेवले, आणि दांड्यावरून एकदा हात फिरवला. पुढच्या वर्षी न्हाणीघराला निळी प्लास्टिकची बादली गेली. ती हलकी आहे आणि तिला काही आठवत नाही, असे ऐकते. मित्सेही आता नाही. मी वापराविना सुकले, माझ्या फळ्या आक्रसल्या, एक कडी ढिली होऊन तिरकी लोंबते. माझ्यात आता पाणी राहत नाही. हिवाळ्यात मात्र वाऱ्याने आत आलेला बर्फ राहतो. बर्फाला फटी सापडत नाहीत. तो काठापर्यंत भरतो, आणि उन्हे तापली की आवाज न करता निघून जातो. मी त्याला अडवत नाही.

मित्रांनो, वस्तूंना जपा, लाकडाला अगदी कोरडे पडू देऊ नका, असे म्हाताऱ्या बादलीने सांगायला हवे, आणि मी ते सांगते. पण मला याहून मोठे मागणे मागायचे आहे. हल्ली शरदात कोहारु अळंबी आणायला जाते. पाठीला टोपली लावून ती मागच्या दारात थांबते आणि आपण कोणत्या घळीत, कोणत्या झाडाशी जाणार ते आईला सांगते. फुसाएला आता कमी ऐकू येते. ती "काय?" म्हणते. कोहारुला उशीर होत असतो, धुके उतरत असते, तरी ती पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने, सगळे सांगते. वळचणीखालून मी ऐकते. तुम्हीही घरातून निघताना असेच सांगून निघा. ऐकणाऱ्याला ऐकू गेले नाही, तर पुन्हा सांगा.